लिफ्टआधीच्या पाच पायऱ्या

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या ज्येष्ठांच्या मेळाव्यातील भाषण. स्मरणिकेसाठी थोडे नीटनेटके करून दिले आहे.)





सेक्रेटरींनी मला महिन्यापूर्वी जिन्यातच गाठलं आणि म्हणाले, 'परदेशात ज्येष्ठ नागरिकांची राहण्याची आणि सांभाळण्याची सोय कशी करतात, यावर वीस मिनिटं बोला.' मी म्हटलं, अहो, मी काही जगप्रवासी नाही. मुलीकडे सिंगापूरला दोनदा राहून आलो, बाकी सगळं वाचलेलं. ते म्हणाले, 'तेवढं पुरे. तुम्ही वाचलेलं विसरत नाही, हे आम्हाला जनरल बॉडीत माहीत झालंय.' यात कौतुक किती आणि टोमणा किती, ते मी अजून शोधतोय.

सदतीस वर्षं बँकेत काढली. बँकवाल्याची एक खोड जात नाही. कुठलाही विषय आला की तो आधी आकडा मागतो. म्हणून मी ऑफिसात जाऊन सभासदांचं रजिस्टर काढलं. २००० साली आपल्याला ताबा मिळाला तेव्हा मी ४९ वर्षांचा होतो, आणि आपल्यातले बहुतेक जण चाळिशी-पन्नाशीतलेच होते. गच्चीवर कोजागिरीला मुलं मोजून दूध आटवायला लागायचं. आज आपल्या ४८ फ्लॅटपैकी ३१ घरांत साठीच्या पुढचं माणूस आहे. त्यातल्या ९ घरांत एकटंच माणूस राहतं. दहावं घर माझं होतं, पण माझी बहीण गेल्या दिवाळीपासून माझ्याकडे आली, म्हणून आकडा नऊवर आला.

सांगायचं असं की आपण कुणी वृद्धाश्रम काढला नाही. आपण फक्त पंचवीस वर्षं एका जागी राहिलो. तेवढ्यानं सोसायटी म्हातारी झाली. इमारतीला आपण दर काही वर्षांनी रंग देतो, वॉटरप्रूफिंग करतो, स्ट्रक्चरल ऑडिट करतो. आत राहणाऱ्या माणसांचं वय वाढलं म्हणून इमारतीत आपण काय बदललं? मी विचार केला, तर उत्तर 'काही नाही' असं आलं. आणि त्या 'काही नाही'मध्ये माझा स्वतःचा वाटा मोठा आहे. परदेशाकडे जाण्याआधी तो सांगणं भाग आहे.

जुन्या सभासदांना आठवत असेल, २०१३ ची वार्षिक सर्वसाधारण सभा. बी विंगमधल्या आपल्या एका मित्राला अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता आणि ते व्हीलचेअरवर होते. आपल्या इमारतीत लिफ्ट आहे, पण स्टिल्ट पार्किंगमधून लिफ्टपर्यंत पोचायला पाच पायऱ्या आहेत. तीनही विंगला आहेत. वहिनींनी अर्ज केला की बी विंगला रॅम्प करून द्यावा. अंदाजपत्रक होतं ६८,००० रुपयांचं. मी तेव्हा खजिनदार होतो. मी उभा राहिलो आणि म्हणालो की एका सभासदाच्या सोयीसाठी सर्वांचा पैसा खर्च करणं आर्थिक शिस्तीत बसत नाही, शिवाय सहा दुचाकींची जागा जाते. टाळ्या पडल्या. ठराव बारगळला. इतिवृत्तात ते सगळं माझ्या नावासह नोंदलेलं आहे, परवा मी पुन्हा वाचलं.

त्याच वर्षी आपण गेटचं सुशोभीकरण केलं. खर्च ९५,००० रुपये. त्यालाही मीच मंजुरी दिली होती.

आपले मित्र त्यानंतर दोन वर्षं होते. त्या दोन वर्षांत ते तीनदा खाली आले. तिन्ही वेळा चौघांनी खुर्ची उचलून आणलं. शेवटच्या दिवसांत ते मला म्हणाले होते, 'मला उचलून नेतात याचं काही नाही रे, पण लोकांना बोलवावं लागतं ना, त्याची लाज वाटते.' वहिनी आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. हे बोलायची परवानगी मी त्यांच्याकडून कालच घेतली. त्या म्हणाल्या, 'बोला, पण नुसतं बोलून थांबू नका.' म्हणून आजचं भाषण.

२०२२ मध्ये माझ्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि त्या पाच पायऱ्या माझ्या वाट्याला आल्या. हॉस्पिटलमधून आलो त्या दिवशी मी तळाशी उभा राहून वर लिफ्टकडे बघत होतो. नऊ वर्षांपूर्वी केलेलं भाषण शब्दन् शब्द आठवलं.

आता सिंगापूर. तिथे ऐंशी टक्क्यांच्या आसपास लोक सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या, म्हणजे एचडीबीच्या इमारतींत राहतात. माझी मुलगी-जावई अशाच एका फ्लॅटमध्ये भाड्यानं राहतात. जुन्या एचडीबी इमारतींत लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत नसे. मधल्या काही मजल्यांवरच थांबायची, तिथून खाली-वर पायऱ्या. बांधकामाचा खर्च वाचायचा. लोक तरुण होते तोवर कुणाची तक्रार नव्हती. लोक म्हातारे झाले तेव्हा सरकारनं २००१ पासून योजना आणली आणि इमारतीमागून इमारती घेऊन लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबेल अशा केल्या. खर्चात सरकारचा वाटा मोठा, पण थोडा वाटा रहिवाशांचाही. आणि एक अट, की त्या इमारतीतल्या पात्र घरांपैकी ७५ टक्के घरांनी मतदान करून होकार द्यायचा. हे ऐकून मी जावयाला विचारलं, 'तळमजल्यावरचे लोक का होकार देतील? त्यांना लिफ्टशी काय घेणं?' तो म्हणाला, 'बाबा, तिथे बहुतेक ठिकाणी होकारच मिळाला.' मी गप्प बसलो.

दुसरी गोष्ट त्याहून साधी. २०१२ पासून तिथे एक योजना आहे. ६५ वर्षांवरचं माणूस घरात असेल तर बाथरूमच्या फरशीला न घसरण्याची प्रक्रिया करून देतात, कमोडशेजारी आणि शॉवरजवळ धरायला दांडे बसवतात, उंबरठ्याला छोटा उतार करतात. फ्लॅटच्या आकारानुसार खर्चाचा ८७.५ ते ९५ टक्के भाग सरकार उचलतं. त्यामागचा हिशोब भावनेचा नाही, पक्का व्यवहाराचा आहे. बाथरूममध्ये पडून खुब्याचं हाड मोडलं की ऑपरेशन, हॉस्पिटल, मग कायमचं अंथरूण. त्यापुढे दोन दांड्यांची किंमत ती काय! बँकेच्या भाषेत सांगायचं तर वसुलीपेक्षा आधीची तपासणी स्वस्त पडते.

मुलीनं मला कंपाँग अ‍ॅडमिरल्टी नावाचं संकुलही दाखवलं. अकरा मजली दोन इमारती, त्यांत ज्येष्ठांसाठी १०४ छोटे फ्लॅट. पण त्याच आवारात दवाखाने, खाद्यपदार्थांचं मोठं केंद्र, वर बाग आणि लहान मुलांचं पाळणाघर. २०१८ साली त्याला जागतिक वास्तुकला महोत्सवात त्या वर्षीची सर्वोत्तम इमारत म्हणून पुरस्कार मिळाला. मला वास्तुकलेतलं काही कळत नाही. मला एवढंच दिसलं की आजी-आजोबांना शहराबाहेर शांत, निसर्गरम्य वगैरे जागी नेऊन ठेवलेलं नाही. रेल्वे स्टेशनच्या शेजारी, पोरांच्या आवाजात ठेवलंय. आपल्याकडच्या जाहिराती वाचल्या की वाटतं, म्हाताऱ्या माणसाला फक्त शांतता हवी असते. शांतता मला रात्री दोनला भरपूर मिळते. मला दुपारी चारला बोलायला माणूस हवं असतं.

आता जपान. तिथे दर शंभरात सुमारे २९ माणसं ६५ च्या पुढची आहेत. त्यामुळे आपल्याला उद्या येणारे प्रश्न त्यांना काल येऊन गेले. टोकियोजवळ मात्सुदो शहरात तोकिवादाइरा नावाची वसाहत आहे. १९६० च्या सुमाराची, जवळजवळ पाच हजार घरांची. सुरुवातीला तरुण जोडपी, लहान मुलं, सगळीकडे गजबज. पुढे मुलं गेली, माणसं उरली. साधारण आपली सोसायटी उभी राहिली त्याच सुमारास तिथे एका घरात एका माणसाचा सांगाडा सापडला. तो माणूस तीन वर्षांपूर्वीच वारला होता. तीन वर्षं कुणाला कळलं कसं नाही? कारण घरभाडं आणि बिलं बँक खात्यातून आपोआप जात होती. खात्यातली शिल्लक संपली, भाडं थकलं, तेव्हा लोक चौकशीला आले.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. बँकेत आम्ही ज्याला 'स्टँडिंग इन्स्ट्रक्शन' म्हणायचो, तीच ही सोय. ती मी शेकडो ग्राहकांना हौसेनं लावून दिली. 'आजोबा, आता बिलाची काळजी नको, सगळं आपोआप.' खातं नियमित होतं. माणूस नव्हता.

आणि मग मला माझी खजिनदारकी आठवली. कुणाचा मेंटेनन्स एक महिना थकला की माझ्या लक्षात यायचं. दुसऱ्या महिन्यात पत्र जायचं. पण बी विंगमधला माझा मित्र आठ-आठ महिने खाली दिसला नाही, हे माझ्या कुठल्याच वहीत नव्हतं. त्याची थकबाकी शून्य होती ना! आपल्या सोसायटीला सभासद दिसतो तो थकबाकी झाली की. नियमित पैसे भरणारा माणूस आपल्याला दिसतच नाही.

तोकिवादाइराच्या रहिवासी संघानं मात्र ती गोष्ट अंगाला लावून घेतली. एकाकी मृत्यूला जपानीत 'कोदोकुशी' म्हणतात. आपल्या वसाहतीत तो होऊ द्यायचा नाही असं त्यांनी ठरवलं. पेपर टाकणाऱ्यांशी बोलले, की दारात पेपर साठलेले दिसले तर आम्हाला कळवा. फोन करायला एक नंबर ठेवला. रोज येऊन बसायला एक छोटी जागा केली, चहा-कॉफी आणि गप्पा. कुठलंही यंत्र नाही, मोठा निधी नाही. शेजाऱ्यानं शेजाऱ्याची चौकशी करायची, तीच गोष्ट नियमानं करायची.

जपान सरकारनंही एप्रिल २००० मध्ये सांभाळणुकीचा विमा सुरू केला. चाळिशीपासून प्रत्येकानं हप्ता भरायचा. ६५ नंतर गरज पडली की तपासणी होते, गरजेनुसार सात पायऱ्यांपैकी एक ठरते, आणि त्याप्रमाणे घरी मदतनीस, आंघोळ घालायला माणूस, दिवसभराच्या केंद्रात नेणारी-आणणारी गाडी असं मिळतं. खर्चाचा बहुतेकांना दहावा हिस्साच पडतो, उत्पन्न जास्त असलं तर थोडा अधिक. घरात दांडे बसवायला आणि उंबरठे काढायलासुद्धा दोन लाख येनपर्यंतच्या कामाला मदत आहे. आपल्याकडे २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या सर्वांना आयुष्मान भारतमध्ये पाच लाखांपर्यंतचं संरक्षण मिळालं, ही चांगलीच गोष्ट झाली. पण ते हॉस्पिटलमधल्या उपचाराचं. हॉस्पिटलमधून घरी आल्यावर पुढचे सहा महिने कोण उठवणार, कोण न्हाऊ घालणार, हा खर्च आपला आपणच करायचा. जपाननं विमा काढला तो नेमका या सहा महिन्यांचा.

जपानची आणखी एक गोष्ट सांगतो. २००५ पासून तिथे स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाशी कसं वागावं याचं साधारण दीड तासाचं प्रशिक्षण सामान्य लोकांना देतात. दुकानदार, शाळेतली मुलं, बँकेतले कर्मचारी, सगळ्यांना. आजवर एक कोटीहून अधिक लोकांनी ते घेतलंय. मी शाखेत असताना एक आजोबा एकाच चेकची चौकशी करायला दिवसात तीनदा यायचे. आम्ही काउंटरच्या आत हसायचो. कुणाच्या डोक्यात आलं नाही की हा आजार आहे, घरी कळवायला हवं. दीड तासाचं प्रशिक्षण आम्हाला मिळालं असतं तर बरं झालं असतं.

युरोपातल्या दोन देशांबद्दल थोडक्यात. डेन्मार्कनं १९८७ मध्ये कायदा करून जुन्या पद्धतीची नर्सिंग होम बांधणंच थांबवलं. म्हातारपणी माणसाला खोलीतला 'पेशंट' करायचं नाही, त्याला त्याचं स्वतःचं घर असलं पाहिजे आणि मदत त्या घरी आली पाहिजे, हा विचार. ज्यांना जास्त देखभाल लागते त्यांच्यासाठीही स्वतःचं छोटं स्वयंपाकघर आणि बाथरूम असलेली घरं, आणि राहणारा तिथला भाडेकरू, पेशंट नव्हे. १९९६ मध्ये आणखी एक कायदा झाला. ज्येष्ठांना नगरपालिकेनं स्वतःहून घरी भेट देऊ करायची. आजारी आहे म्हणून नाही. काही बिघडलेलं नसतानाच जायचं, विचारायचं, 'कसं चाललंय? जेवण कोण करतं? शेवटचं बाहेर कधी गेला होतात?' ज्याला नको असेल तो नाही म्हणू शकतो.

हॉलंडमध्ये देव्हेंटर गावी एका ज्येष्ठांच्या निवासात त्यांनी सहा विद्यार्थ्यांना राहायला खोल्या दिल्या, भाडं शून्य. अट एकच, महिन्यातले तीस तास चांगला शेजारी म्हणून वागायचं. शुश्रूषा करायची नाही, ते काम नर्सचं. पोरांनी फक्त बसायचं, गप्पा मारायच्या, मोबाईल शिकवायचा, मॅच बघायची. इथे मला आपला २००८ चा ठराव आठवतो, 'बॅचलर आणि विद्यार्थी भाडेकरू ठेवू नयेत.' सोसायटीच्या शांततेसाठी तो केला होता. शांतता मिळाली. सी विंगचे दोन फ्लॅट वर्षभर रिकामे पडलेत, आणि त्यांच्या बाजूच्या घरात एकटी बाई राहते.

शेवटचं उदाहरण मुद्दाम राखून ठेवलं, कारण ते आपल्या सगळ्यात जवळचं आहे. न्यूयॉर्क शहरात मॅनहॅटनच्या चेल्सी भागात पेन साउथ नावाची वसाहत आहे. ती सहकारी गृहनिर्माण संस्था आहे! दहा इमारती, २,८२० घरं. कपडे शिवणाऱ्या कामगारांच्या संघटनेच्या पुढाकारानं उभी राहिली आणि १९६२ मध्ये खुद्द अध्यक्ष केनेडी तिच्या समारंभाला आले होते. लोक राहायला आले, राहिले, आणि वीस-पंचवीस वर्षांत संस्था म्हातारी झाली. अगदी आपल्यासारखी. तिकडच्या अभ्यासकांनी अशा जागांना नाव दिलंय, 'नॉर्क', म्हणजे ज्येष्ठांसाठी न बांधलेली, पण आपोआप ज्येष्ठांची झालेली वसाहत. १९८६ मध्ये पेन साउथनं ठरवलं की सभासदांनी संस्था सोडून जाण्यापेक्षा संस्थेनंच सभासदांच्या वयाप्रमाणे बदलावं. आवारातच समाजसेवक, नर्स, कार्यक्रम, मदत. अशा तऱ्हेचा तिथला हा पहिला उपक्रम. तो इतका उपयोगी ठरला की पुढे न्यूयॉर्क राज्यानं अशा वसाहतींसाठी सरकारी पैसा द्यायला सुरुवात केली. आधी संस्थेनं केलं, सरकार मागून आलं. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. आपण नेहमी उलटी वाट बघतो.

आता कुणी म्हणेल, साहेब, डेन्मार्कचा कर किती आणि आपला किती! बरोबर आहे. त्यांचा पैसा आपण आणू शकत नाही. आणि तिकडे सगळं छान आहे असंही मी म्हणत नाही. आई-वडिलांना सांभाळावं म्हणून सिंगापूरला १९९५ मध्ये कायदा करावा लागला, आपल्याला २००७ मध्ये करावा लागला. एकटेपण सगळीकडे आहे. आपल्या मुलांना दोष द्यायलाही मी उभा नाही. त्यांनी शिकावं, जग बघावं, म्हणून आपणच कर्ज काढलं. त्यातली काही कर्जं मीच मंजूर केली आहेत!

पण या सगळ्या देशांकडून एक गोष्ट मी शिकलो. म्हातारं माणूस हलवण्याआधी त्यांनी घर बदललं, जिना बदलला, शेजार बदलला. आपण उलट करतो. पायऱ्या चढवत नाहीत, तर माणसाला मुलीकडे नेऊन ठेवतो. तो तिकडे खिडकीत बसून इकडच्या पारावरच्या गप्पा आठवत राहतो. पायऱ्या जिथल्या तिथे राहतात.

म्हणून माझ्या सूचना. पायऱ्या पाच, सूचनाही पाच.

पहिली, तीनही विंगला रॅम्प आणि दोन्ही बाजूंना कठडा. पाच पायऱ्यांची उंची तीस इंच भरते. एक फूट चढायला बारा फूट लांबी हा नियम धरला तर तीस फुटांचा उतार लागेल, मध्ये वळण घेऊन बसतो, मी टेप धरून मोजलंय. तिन्ही मिळून कंत्राटदाराचा अंदाज ४,३२,००० रुपये. घरटी ९,००० रुपये. दोन वर्षांत वसूल केले तर महिना ३७५. गाड्यांची जागा थोडी जाईल. माझी स्कूटर मी विकली आहे, ती एक जागा आत्ताच घ्या.

दुसरी, बाथरूम. ज्यांना हवे असतील त्यांनी धरायचे दांडे एकत्र घ्यावेत, एकाच चांगल्या माणसाकडून बसवून घ्यावेत. भिंतीत पक्के रोवलेले हवेत, रबरी चकतीनं चिकटणारे नकोत. टॉवेलच्या दांडीला धरून उठायची सवय आजच सोडा, ती माणसाचं वजन पेलायला बसवलेली नसते. आणि बाथरूमची कडी बाहेरून उघडता येईल अशी करून घ्या. आत पडलेला माणूस दार उघडू शकत नाही.

तिसरी, सकाळची खूण. एकट्या राहणाऱ्यांनी, इच्छा असेल तर, शेजारच्या एका घराशी जोडी करायची. सकाळी नऊपर्यंत दुधाची पिशवी आत गेली की सगळं ठीक. दाराला लटकलेलीच राहिली तर बेल वाजवायची. एक जादा किल्ली त्या शेजाऱ्याकडे, आणि मुलांचे फोन, डॉक्टर, चालू औषधं लिहिलेला कागद बंद पाकिटात. ज्येष्ठांसाठीची सरकारी मदतवाहिनी १४५६७ ही प्रत्येक विंगच्या फळ्यावर लिहून ठेवावी.

चौथी, डेन्मार्कची भेट. पंचाहत्तरीच्या पुढच्या प्रत्येक घरी वर्षातून दोनदा दोघा सभासदांनी जायचं. सल्ला द्यायचा नाही. विचारायचं आणि ऐकायचं. निघताना 'काही लागलं तर सांगा' असं मोघम म्हणायचं नाही. 'गुरुवारी भाजीला जातोय, तुमची आणू का?' असं म्हणायचं.

पाचवी, ऑफिसशेजारच्या खोलीत, जिथे सध्या फुटक्या टाइल्स आणि गणपतीचं मखर आहे, तिथे आठवड्यातून दोनदा नर्स आणि फिजिओथेरपिस्ट. फी वापरणाऱ्यांनी वाटून घ्यायची. एकेका घरी बोलावण्यापेक्षा ते निश्चित स्वस्त पडेल. आणि सोबतच २००८ चा तो विद्यार्थ्यांबद्दलचा ठराव पुन्हा चर्चेला घ्यावा. अटी घाला, पण दार उघडा.

यावर पुढच्या सभेत कुणीतरी उभं राहील आणि विचारेल, 'मोजक्या सभासदांसाठी सगळ्यांनी का पैसे भरायचे?' प्रश्न चुकीचा नाही. मीही तोच विचारला होता. त्याचं उत्तर मला नऊ वर्षांनी त्या पायऱ्यांच्या तळाशी मिळालं. तुम्हाला तेवढं थांबावं लागू नये. जे आज पस्तीस-चाळीस वर्षांचे आहेत त्यांनाही सांगतो, रॅम्पवरून आधी तुमच्याच बाळाची गाडी वर जाईल, गॅसचं सिलेंडर जाईल, क्रिकेट खेळताना पाय मोडून घेतलेला तुमचा मुलगा जाईल. आमचा नंबर नंतर.

शेवटी एक औपचारिक गोष्ट. २०१३ च्या इतिवृत्तात रॅम्पच्या ठरावाला विरोध करणारा म्हणून माझं नाव आहे. ते खोडता येत नाही, खोडूही नये. पण येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा ठराव पुन्हा घ्यावा, आणि सूचक म्हणून माझं नाव लिहावं, अशी सेक्रेटरींना विनंती करतो. अनुमोदक म्हणून बी विंगमधल्या वहिनींनी होकार दिला आहे.

उरलेल्या सेहेचाळीस घरांच्या हातांची मी वाट बघतोय.